येरमाळा ते पाबळ : शिकता शिकता गावाच्या उपयोगी पडणारे हात

व्यवसाय शिक्षण घेणारी मुले शिकत असतानाच गावाची कामे करू लागली की त्यांच्या कामाची दोनदा परीक्षा होते, एकदा संस्थेत आणि एकदा गावात. संस्थेतला परीक्षक वेल्डिंगचा सांधा एकदा पाहतो आणि गुण देतो. तोच सांधा शेतकऱ्याच्या ट्रॉलीला असेल, तर उसाच्या ओझ्याखाली आणि खडकाळ गाडीवाटेवर त्याची रोज तपासणी होते. ही दुसरी परीक्षा शिक्षणाचाच भाग आहे असे मानणारे काही प्रयोग महाराष्ट्रात झाले आणि त्यांतले काही आजही चालू आहेत. ते एका प्रवासात पाहायचे, तर मराठवाड्याच्या बालाघाटातल्या येरमाळ्याहून निघावे आणि कळंब, तुळजापूर, अणदूर, हराळी असे फिरत थेट पुणे जिल्ह्यातल्या पाबळपर्यंत जावे.

येरमाळा धाराशिव जिल्ह्याच्या कळंब तालुक्यात आहे. सोलापूर, तुळजापूर, धाराशिवकडून बीड आणि पुढे धुळ्याकडे जाणारा राष्ट्रीय महामार्ग ५२ गावाला लागून जातो. बार्शीकडचा आणि कळंबकडचा रस्ताही इथेच फुटतो. डोंगरावर येडेश्वरीचे देऊळ आहे. भाविक तिला तुळजाभवानीची बहीण मानतात. चैत्र पौर्णिमेला इथे मोठी यात्रा भरते. ‘आई राधा उदो उदो’च्या गजरात पालखी डोंगरावरून खाली येते, चुन्याच्या रानात भाविक चुनखडीचे खडे वेचून वाहतात आणि पालखी आमराईत मुक्कामाला जाते. पोत, परडी आणि कवड्यांची माळ घेतलेले आराधी, गोंधळी आणि राज्यभरातून आलेली कुटुंबे यांनी गाव आणि शिवार भरून जाते. श्रावण पौर्णिमेलाही गर्दी असते.

एवढी माणसे काही दिवसांसाठी एका गावात आली की कारागिरांचे काम किती असते, ते अशा यात्रेत नीट दिसते. तात्पुरत्या नळजोडण्या, टाक्या, दिव्यांच्या माळा, जनित्रे, पत्र्याचे आडोसे, रांगांसाठी लोखंडी अडथळे, बंद पडलेली वाहने, प्रथमोपचार, असे काम सगळीकडून निघते. मांडवातली एक उघडी तार किंवा टाकीजवळ सैल राहिलेला एक सांधा शेकडो लोकांना धोक्यात घालू शकतो. ही कामे करणारे वायरमन, नळवाले, मांडववाले आणि पंक्चरवाले बहुतेक पंचक्रोशीतलेच असतात. त्यांतल्या अनेकांनी धंदा कुणा उस्तादाच्या हाताखाली राबून शिकलेला असतो. त्या शिकण्यात हात तयार होतो, पण अर्थिंग का द्यायचे, कोणत्या भाराला किती जाडीची तार लागते, हे कधीकधी कुणी सांगितलेलेच नसते.

सुरक्षिततेचे शिक्षण नसले की काय होते, याचे उदाहरण येरमाळ्यापासून जवळच आहे. महामार्गावरचे वाशी तालुक्यातले तेरखेडा हे गाव फटाक्यांसाठी राज्यभर ओळखले जाते. पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेल्या या धंद्याने कोरडवाहू भागातल्या कितीतरी घरांना आधार दिला. याच धंद्यातल्या स्फोटांनी मजुरांचे जीवही घेतले. दारू कालवण्यातले कसब घरात शिकता येते. साठवणीचे अंतर, घर्षणाने आणि स्थिर विजेने उडणारी ठिणगी, कपड्यांचा प्रकार, आग लागल्यावरची पहिली दोन मिनिटे या गोष्टी मात्र शिस्तीने शिकवाव्या लागतात. धोक्याच्या धंद्यात कारागिराचे प्रशिक्षण ही साऱ्या गावाच्या जिवाची बाब असते.

येरमाळा परिसरातल्या दहावी झालेल्या मुलाला धंद्याचे रीतसर शिक्षण घ्यायचे असेल, तर वाट कळंबकडे जाते. कळंब हे तालुक्याचे गाव मांजरा नदीच्या काठी आहे आणि नदीपलीकडे बीड जिल्हा लागतो. इथे शासकीय औद्योगिक प्रशिक्षण संस्था आहे. लोक तिला आयटीआय म्हणतात. देशात कारागीर प्रशिक्षण योजना १९५० मध्ये सुरू झाली आणि शिकाऊ उमेदवारांचा कायदा १९६१ मध्ये झाला. महाराष्ट्रात या संस्थांचा कारभार व्यवसाय शिक्षण व प्रशिक्षण संचालनालयाकडे आहे आणि शासकीय संस्थांची संख्या चारशेवर आहे. जवळजवळ प्रत्येक तालुक्याला एक संस्था असावी, हे धोरण राज्याने चिकाटीने राबवले. ग्रामीण महाराष्ट्रासाठी झालेल्या मोठ्या कामांत त्याची गणना व्हायला हवी. खेड्यातल्या मुलाला, आणि विशेषतः मुलीला, दूर शहरात न राहता धंदा शिकता येतो तो या धोरणामुळे. प्रवेशात मुलींसाठी ३० टक्के जागा राखीव असतात.

आयटीआयच्या कागदपत्रांत व्यवसायांची मराठी नावे अजून टिकून आहेत. वीजतंत्री, तारतंत्री, जोडारी, संधाता, कातारी, नळ कारागीर ही नावे प्रवेशाच्या यादीत असतात आणि वर्गात मुले इलेक्ट्रिशियन, वायरमन, फिटर, वेल्डर, टर्नर, प्लंबर म्हणतात. वीजतंत्री, तारतंत्री आणि जोडारी हे अभ्यासक्रम दोन वर्षांचे, तर संधाता आणि नळ कारागीर एक वर्षाचे. शिकवणाऱ्याला शिल्पनिदेशक म्हणतात. दिवसाचा मोठा भाग कार्यशाळेत जातो. जोडारी आधी कानस धरायला शिकतो, लोखंडाचा तुकडा गुण्यात आणायला शिकतो, मग मोजमापाच्या बारकाव्यांकडे वळतो. २०२२ पासूनच्या अभ्यासक्रमात वर्षाला १,२०० तासांचे शिक्षण आहे आणि त्याशिवाय १५० तास प्रत्यक्ष कामाच्या जागी प्रशिक्षण घ्यावे लागते किंवा गटाने एखादा प्रकल्प करावा लागतो. गावाच्या दृष्टीने हे १५० तास फार मोलाचे आहेत. त्यांचा उपयोग मोठ्या कारखान्यात होतो, तसाच ग्रामपंचायतीच्या पाणीपुरवठ्यावर, शाळेच्या वीजजोडणीवर किंवा प्राथमिक आरोग्य केंद्राच्या डागडुजीवरही होऊ शकतो.

कळंब, वाशी, भूम या भागात असे काम कुठे आहे, ते शेतात पाहावे. इथली शेती विहिरी आणि बोअरवर चालते. त्यामुळे पाण्याची मोटार हे घरातल्या माणसाइतकेच महत्त्वाचे यंत्र. मोटार जळण्याची कारणे ठरलेली असतात. दाब कमी असला की मोटार जास्त प्रवाह ओढते आणि वाइंडिंग तापते. तीनपैकी एक फेज गेला तर उरलेल्या दोनांवर भार येतो. बोअरचे पाणी खाली गेले आणि पंप कोरडा फिरला तरी तोच शेवट. स्टार्टरमधला रिले नीट लावणे, फेज गेल्यावर मोटार आपोआप बंद होईल अशी सोय करणे, अर्थिंगचा खड्डा ओला ठेवणे या तीन साध्या कामांनी एका हंगामातली बरीच नुकसानी टळते. दुसऱ्या वर्षाचा वीजतंत्री ही कामे शिल्पनिदेशकाच्या देखरेखीखाली करू शकतो. शेतकऱ्याला रिवायंडिंगचा खर्च आणि पाण्याचे खाडे वाचतात आणि मुलाला असे दोष भेटतात, जे कार्यशाळेतल्या नीटनेटक्या फलकावर कधी येत नाहीत. अलीकडे ‘मागेल त्याला सौर कृषी पंप’ योजनेमुळे शिवारात सौर पॅनेल वाढत आहेत. पॅनेल बसवणारी कंपनी परगावची असते. पुढची वर्षानुवर्षांची देखभाल गावातल्या हाताला यायला हवी, नाहीतर कंट्रोलरमधल्या लहानशा बिघाडापायी पाणी आठवडाभर थांबते.

प्रशिक्षणार्थ्यांनी लोकांसाठी मोठ्या प्रमाणावर काम केल्याची महाराष्ट्रातली ठळक उदाहरणे पुराची आहेत. ऑगस्ट २०१९ मध्ये कृष्णा आणि पंचगंगेच्या पुराने सांगली आणि कोल्हापूर जिल्हे बुडाले. पाणी ओसरल्यावर आयटीआयच्या मुलांची आणि शिल्पनिदेशकांची पथके पूरग्रस्त भागात गेली आणि त्यांनी घरातली वीजजोडणी आणि बंद पडलेली उपकरणे दुरुस्त करून दिली. जुलै २०२१ मध्ये महाड आणि चिपळूणच्या पुरानंतरही अशीच पथके पाठवण्यात आली. केरळने २०१८ च्या महापुरानंतर आयटीआयच्या मुलांची ‘नैपुण्य कर्मसेना’ उभी केली आणि तिला घरांतली वीज आणि नळ दुरुस्त करण्याचे काम दिले.

हे काम दिसायला किरकोळ असले तरी पूर ओसरलेल्या घरात ते जीवनमरणाचे असते. भिंतीतल्या पाइपांत चिखल शिरलेला असतो, बोर्डाच्या मागे ओल असते. अशा घरात कुणी उत्साहाने मेन स्विच चालू केला तर विजेचा धक्का बसू शकतो. म्हणून आधी पुरवठा तोडायचा, बोर्ड उघडून धुवून सुकवायचे, मग मेगर लावून तारांचे आवरण शाबूत आहे का ते मोजायचे, अर्थिंग तपासायचे आणि शेवटी एकेक परिपथ जोडत जायचे, असा क्रम असतो. बुडालेली मोटार मंद उष्णतेने सुकवली तर पुष्कळदा वाचते. घाईने चालू केली तर जळते. पुस्तकात हे सारे दोन पानांत येते. ओल्या भिंतीसमोर आणि वाट पाहणाऱ्या कुटुंबासमोर उभे राहून केलेल्या कामाने ते जन्मभर लक्षात राहते. सप्टेंबर २०२५ मध्ये अतिवृष्टीने धाराशिव जिल्ह्याच्या भूम-परंडा भागात पूर आला, तेव्हा कायम अवर्षणाशी झगडणाऱ्या या जिल्ह्यालाही हे ज्ञान जवळ असण्याची गरज कळली. २०२० मध्ये कोरोनाच्या साथीत मुखपट्ट्यांची टंचाई झाली, त्या वेळी शिवणकामाचा व्यवसाय असलेल्या आयटीआय संस्थांनी त्या शिवून दिल्या. तो अनुभवही याच जातीचा.

येरमाळ्याहून महामार्गाने दक्षिणेकडे निघाले की येडशी लागते. इथे बार्शी-लातूर रस्ता महामार्गाला छेदतो. रामलिंगाचे देऊळ बालाघाटाच्या दरीत आहे आणि पावसाळ्यात तो परिसर अतिशय रम्य असतो. तिथून आडवाटेने तेरला जाता येते. प्राचीन तगर नगरी ती हीच. परदेशांशी व्यापार करणाऱ्या या गावाचे अवशेष तिथल्या लामतुरे संग्रहालयात जपले आहेत. संत गोरोबाकाका याच गावचे. मडकी घडवणारा माणूस संतमंडळीत परीक्षकाच्या जागी बसला, ही आठवण हा जिल्हा अजून अभिमानाने सांगतो.

धाराशिव ओलांडून पुढे तुळजापूर. इथल्या दोन गोष्टी या विषयाला धरून आहेत. तुळजाभवानी मंदिर संस्थानाने अभियांत्रिकी महाविद्यालय चालवले, म्हणजे भाविकांच्या दानातला वाटा तंत्रशिक्षणाकडे वळवला. मोठ्या यात्रांच्या गावांनी उचलावा असा हा धडा आहे. दुसरी गोष्ट म्हणजे टाटा सामाजिक विज्ञान संस्थेचे ग्रामीण संकुल. १९८० च्या दशकापासून ते इथे आहे आणि समाजकार्य शिकणारी मुले आसपासच्या गावांत क्षेत्रकार्य करतात. त्याच तालुक्यात यमगरवाडी आहे. पारधी आणि इतर भटक्या-विमुक्त समाजातल्या मुलांसाठी गिरीश प्रभुणे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तिथे निवासी शाळा उभी केली.

तुळजापूरहून हैदराबादच्या रस्त्याला लागले की नळदुर्गाच्या किल्ल्याजवळ अणदूर येते. डॉ. शशिकांत आणि डॉ. शुभांगी अहंकारी यांनी इथे हॅलो मेडिकल फाउंडेशनचे काम उभारले. गावातल्याच, फारशा न शिकलेल्या बायकांना त्यांनी साध्या आजारांवरचे उपचार, गरोदर बाईची आणि बाळाची काळजी, धोक्याची लक्षणे ओळखणे हे सारे शिकवले आणि त्यांना ‘भारतवैद्य’ म्हटले. आरोग्य हाही हाताने शिकायचा व्यवसाय आहे. बाळाचे वजन घेणे, श्वास मोजणे, जलसंजीवनी बरोबर कालवणे ही कौशल्ये सरावाने येतात आणि ज्या गावात डॉक्टर नाही, त्या गावात तेवढ्याने जीव वाचतात.

अणदूरहून ईशान्येला लोहारा तालुका आहे. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे, अनंत चतुर्दशीची मिरवणूक आटोपून लोक झोपले असताना, किल्लारी-सास्तूर पट्ट्यात भूकंप झाला. मृतांचा आकडा दहा हजारांच्या आसपास सांगितला जातो. लातूर आणि त्या वेळच्या उस्मानाबाद (आताच्या धाराशिव) जिल्ह्यांतली ५२ गावे संपूर्णपणे नव्या जागी वसवावी लागली. एवढी माणसे दगावली, याचे मोठे कारण घरांच्या बांधणीत होते. जाड दगडी भिंती मातीत रचलेल्या, आतला आणि बाहेरचा थर एकमेकांत न गुंतवलेला आणि वर मातीचा जाड थर असलेले माळवद. उन्हाळ्यात गारवा देणारे ते घर धक्क्यासरशी आतल्या माणसांवर कोसळले.

म्हणून पुनर्वसनात गवंड्यांचे प्रशिक्षण महत्त्वाचे ठरले. भिंतीच्या दोन्ही थरांना सांधणारे लांब दगड ठरावीक अंतराने घालणे, जोत्याशी आणि खिडकी-दारांच्या वर काँक्रीटचा पट्टा घराभोवती सलग फिरवणे, कोपरे बांधून घेणे, छतावरची माती कमी करणे अशी ती तंत्रे होती. नव्या गावांबरोबरच उभी राहिलेली जुनी घरे बळकट करण्याचा मोठा कार्यक्रम राबवला गेला. ‘स्वयं शिक्षण प्रयोग’ या संस्थेच्या प्रेमा गोपालन यांनी गावोगावच्या बायकांना त्यात आणले. या बायका घरमालक, गवंडी आणि सरकारी यंत्रणा यांच्यामधला दुवा बनल्या. आपले घर कसे बांधले जाते हे ज्या बाईला कळते, ती गवंड्याला पट्टा चुकवू देत नाही. प्रशिक्षण कारागिराला हवे तसेच गिऱ्हाइकालाही हवे, हे या पट्ट्याने दाखवून दिले.

याच तालुक्यात हराळी आहे. डॉ. वि. वि. तथा आप्पा पेंडसे यांनी पुण्यात १९६२ मध्ये स्थापन केलेल्या ज्ञान प्रबोधिनीचे कार्यकर्ते भूकंपानंतर मदतीला आले आणि इथेच राहिले. तातडीची मदत संपली की बहुतेक संस्था परत जातात. हराळीत मुक्काम वाढत गेला आणि निवासी शाळेबरोबर कृषी तंत्र विद्यालय उभे राहिले. माळरानाच्या जमिनीवर फळबाग, गोठा आणि फळप्रक्रिया ही कामे शिक्षणाचा भाग झाली. शेती अभ्यासक्रमातली मुले माती आणि पाणी यांच्याशी रोज झटतात आणि जे जमते ते शेजारच्या शेतकऱ्याला दिसत राहते. शेतकरी भाषणापेक्षा बांधापलीकडच्या पिकावर विश्वास ठेवतो. म्हणून शेतीशाळेचे रान हीच तिने गावाला दिलेली सेवा ठरते.

लोहारा तालुक्यातल्याच हिप्परग्याला या विचाराचा जुना धागा सापडतो. निजामाच्या राजवटीत, असहकाराच्या काळात, तिथे राष्ट्रीय शाळा निघाली. पुढे हैदराबाद मुक्तिसंग्रामाचे नेतृत्व करणारे स्वामी रामानंद तीर्थ त्या शाळेत शिक्षक होते. शिकणाऱ्याने श्रम करावेत आणि ते समाजासाठी करावेत, हा त्या काळच्या राष्ट्रीय शिक्षणाचा गाभा होता. साताऱ्याकडे कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९१९ मध्ये रयत शिक्षण संस्था काढली आणि ‘कमवा आणि शिका’ ही पद्धत रुजवली. १९३७ च्या वर्धा परिषदेत गांधीजींनी हस्तोद्योगातून शिक्षणाची, म्हणजे नई तालीमची, कल्पना मांडली. पाबळचा प्रयोग त्या परंपरेत बसतो, पण त्याचा पाया वैज्ञानिकाने घातला हे त्याचे वेगळेपण.

पाबळला जाण्यासाठी पुन्हा येरमाळ्यावरून बार्शी, कुर्डुवाडी, टेंभुर्णी असा रस्ता धरावा, सोलापूर-पुणे महामार्गाने पुण्याजवळ यावे आणि मग नगर रस्त्यावरच्या शिक्रापूरहून आत वळावे. शिरूर तालुक्यातले हे गाव मस्तानीच्या समाधीसाठी प्रवाशांना माहीत असते. परिसर कमी पावसाचा. डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी विज्ञान आश्रमासाठी हे गाव निवडले, त्यात या कमी पावसाचाही विचार होता. ज्या गावात सोयी कमी, तिथे पद्धत चालली तर ती कुठेही चालेल.

कलबाग १९२८ मध्ये जन्मले. अन्नतंत्रज्ञानात त्यांनी अमेरिकेतल्या इलिनॉय विद्यापीठातून डॉक्टरेट मिळवली. हिंदुस्थान लिव्हरच्या संशोधन विभागातली मोठ्या पदाची नोकरी सोडून १९८३ मध्ये त्यांनी पाबळला विज्ञान आश्रम सुरू केला. पुण्याची भारतीय शिक्षण संस्था ही त्याची मातृसंस्था. २००३ मध्ये कलबागांचे निधन झाले. त्यानंतर योगेश कुलकर्णी यांनी काम पुढे नेले. शाळेत नापास ठरलेली मुले घरच्या मोटारीची दुरुस्ती बघून बघून शिकतात, याचा अर्थ त्यांना बुद्धी कमी नाही, शिकवण्याची रीत त्यांना मानवत नाही, अशी कलबागांची धारणा होती. माणूस नैसर्गिकपणे काम करत शिकतो, तर शाळेनेही त्याच वाटेने जावे.

आश्रमात शाळा सुटलेल्या मुलांसाठी एक वर्षाचा निवासी अभ्यासक्रम आहे. मूलभूत ग्रामीण तंत्रज्ञान हा त्याचा विषय. विद्यार्थी चार विभागांतून जातो. पहिला अभियांत्रिकीचा. त्यात वेल्डिंग, सुतारकाम, बांधकाम येते. दुसरा ऊर्जा आणि पर्यावरणाचा, त्यात वीजजोडणी, मोटारदुरुस्ती, सौरऊर्जा. तिसरा गृह आणि आरोग्याचा, त्यात अन्नप्रक्रिया, शिवण आणि रक्तातले हिमोग्लोबिन किंवा रक्तगट तपासण्यासारख्या चाचण्या. चौथा शेती आणि पशुपालनाचा. एकाच कौशल्यात तरबेज करण्याऐवजी चारही अंगे शिकवण्यामागे खेड्याचे अर्थशास्त्र आहे. लहान गावात फक्त वेल्डिंगवर पोट भरेल एवढे काम रोज मिळत नाही. वेल्डिंग, वायरिंग आणि नळजोडणी अशी तिन्ही कामे येणाऱ्याला मात्र गावात राहता येते, शहर गाठावे लागत नाही.

या पद्धतीचा कणा आहे गावाला पुरवलेल्या सेवा. मुलांनी कार्यशाळेत तुकडे जोडून ते भंगारात टाकायचे नाहीत. गावाकडून काम घ्यायचे, त्याचा अंदाजखर्च काढायचा, साहित्य आणायचे, काम पुरे करायचे आणि पैसे घ्यायचे. शेताचे फाटक, जनावरांचा गोठा, पाण्याची फेरोसिमेंटची टाकी, ठिबकची जोडणी, मातीपरीक्षण अशी ती कामे. पैसे घेण्यावर कलबागांचा भर होता आणि त्यामागचे कारण पटण्यासारखे आहे. फुकट मिळालेल्या वस्तूला माणूस नावे ठेवत नाही. दाम मोजलेल्या कामातली चूक तो लगेच दाखवतो. गिऱ्हाइकाची ती तक्रार मुलाला गुणपत्रिकेपेक्षा जास्त शिकवते. अंदाजखर्च काढताना क्षेत्रफळ, घनफळ, शेकडेवारी असे शाळेत नकोसे झालेले गणित कामाचे होऊन परत येते. पाणी कुठे लागेल हे पाहण्यासाठी जमिनीची विद्युतरोधकता मोजण्याचे काम आश्रमाने हाती घेतले, तेव्हा भौतिकशास्त्रातला एक धडा अवर्षणी गावाच्या थेट उपयोगाला आला.

आश्रमाच्या आवारात गोल घुमटांच्या इमारती दिसतात. लोखंडी अँगलच्या त्रिकोणांचा सांगाडा करून त्यावर जाळी आणि सिमेंटचा पातळ थर देतात. कमी साहित्यात टणक छप्पर तयार होते आणि ते बांधायला शिकाऊ हात पुरतात. जुन्या जीपच्या सुट्या भागांपासून आश्रमाने ‘मेकबुल’ हा लहान ट्रॅक्टर तयार केला. २००२ मध्ये अमेरिकेतल्या एमआयटीच्या सहकार्याने इथे फॅब लॅब, म्हणजे संगणकाच्या मदतीने वस्तू घडवण्याची छोटी कार्यशाळा, सुरू झाली आणि अमेरिकेबाहेरची ती पहिली ठरली. संगणकाने चालणारी कापणी यंत्रे आणि गावातला गोठा, दोन्ही एकाच आवारात असावीत, ही कल्पना आजही नवी वाटते.

पाबळची पद्धत शाळांत गेली, हा तिचा सर्वांत दूरवर पोहोचलेला परिणाम. आठवी ते दहावीच्या मुलांना आठवड्यातला एक दिवस मूलभूत तंत्रज्ञान शिकवले जाते आणि माध्यमिक शिक्षण मंडळाने हा विषय मान्य केला आहे. शिकवणारे निदेशक बहुधा गावातले किंवा जवळपासचे कारागीर असतात. ज्याचा स्वतःचा धंदा चालतो, तो मुलांना बाजारही शिकवतो. शाळेची पाण्याची टाकी, कुंपण, बाके, वायरिंग ही कामे मुलेच करतात आणि पुढे गावाची कामे घेतात. पुण्याच्या लेंड-अ-हँड-इंडिया संस्थेने हा कार्यक्रम अनेक शाळांत नेला. २०२० च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणाने शालेय वयातच व्यवसाय शिक्षणाची ओळख करून देण्याचे आणि सहावी ते आठवीत दहा दिवस दप्तराविना स्थानिक कारागिरांकडे शिकण्याचे सुचवले आहे. पाबळने ते कितीतरी आधी करून पाहिले होते.

पाबळ आणि कळंब यांची तुलना केली तर दोघांची बलस्थाने वेगळी दिसतात. आयटीआयकडे इमारत, यंत्रे, देशभर चालणारे प्रमाणपत्र आणि नोकरीची वाट आहे. रांजणीच्या नॅचरल शुगरसारखे साखर कारखाने कळंब तालुक्यातच आहेत आणि जोडारी, वीजतंत्री यांना तिथे काम असते. पाबळकडे गावाशी रोजचा व्यवहार आहे. दोन्ही एकत्र आले तर येरमाळ्यासारख्या गावाला काय मिळेल, हे कल्पनेवर सोडण्याचे कारण नाही, कारण साधने आजच हाताशी आहेत. आयटीआयचे १५० तास आहेत. १९ ऑक्टोबर २०२३ रोजी राज्यात ५११ प्रमोद महाजन ग्रामीण कौशल्य विकास केंद्रांचे उद्घाटन झाले. २०२४ मध्ये सुरू झालेल्या मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजनेत आयटीआय किंवा पदविका झालेल्या तरुणाला कामाच्या जागी शिकताना दरमहा ८,००० रुपये विद्यावेतन ठरवले गेले आणि शासकीय कार्यालयांतही असे प्रशिक्षणार्थी घेतले गेले. अडचण देखरेखीची आहे. अनेक ठिकाणी अशा तरुणाला टपाल नोंदवायला किंवा फायली हलवायला बसवले जाते आणि त्याचे कसब तसेच पडून राहते. गावात नळपाणी योजना गळत असताना नळ कारागिराला टेबलामागे बसवणे हा गावाचा आणि त्या तरुणाचा, दोघांचाही तोटा आहे. त्यावर उपाय साधा आहे. ग्रामपंचायतीने वर्षाच्या सुरुवातीला दुरुस्तीच्या कामांची यादी करावी, शिल्पनिदेशकाने त्यातली शिकाऊ मुलांना झेपणारी कामे निवडावीत आणि काम झाल्यावर दोघांनी मिळून ते तपासावे.

हा प्रवास करू इच्छिणाऱ्यांसाठी काही सोयीच्या गोष्टी. येरमाळ्याची यात्रा चैत्र पौर्णिमेच्या सुमारास, म्हणजे बहुधा एप्रिलमध्ये, येते. ऊन कडक असते, तेव्हा पाणी आणि डोक्यावर कापड हवे. गावातली कामे आणि संस्था शांतपणे पाहायच्या तर ऑक्टोबर ते फेब्रुवारी हा काळ बरा. आयटीआयचे प्रवेश दहावीच्या निकालानंतर ऑनलाइन केंद्रीय पद्धतीने होतात. १५ जुलै हा जागतिक युवा कौशल्य दिन. २०२२ मध्ये आयटीआय उत्तीर्ण झालेल्यांचा दीक्षान्त समारंभ विश्वकर्मा जयंतीला, १७ सप्टेंबरला झाला आणि मराठवाड्यात तोच दिवस मुक्तिसंग्राम दिन असतो. हराळी, अणदूर आणि पाबळ ही रोजची कामे चालणारी ठिकाणे आहेत, म्हणून आधी कळवून जावे आणि मुले कामात असताना जावे. रविवारी रिकामी कार्यशाळा पाहून फारसे काही कळत नाही. एसटीने जाणाऱ्यांना धाराशिव, बार्शी आणि कळंबहून येरमाळ्याच्या गाड्या मिळतात. रेल्वेने यायचे तर बार्शी, येडशी आणि धाराशिव ही स्थानके कुर्डुवाडी-लातूर मार्गावर आहेत.